मसुदे एकाच वाक्यापाशी का थांबत होते?

‘मॅडम, माझ्यात सातत्यच नाही हो.’ जळगावला समुपदेशन करताना हे वाक्य मी फार वेळा ऐकते. कुणाला अभ्यासात सातत्य नसतं, कुणाला व्यायामात. अलीकडे त्यात घरून छोटा व्यवसाय करणाऱ्या बायका वाढल्या आहेत. बिबडे-पापड, मसाले, साबण, शिवणकाम. माल मनापासून करतात, पण ‘ऑनलाइन दिसत राहायला हवं’ म्हणून सुरू केलेलं लिखाण महिनाभर चालतं आणि बंद पडतं. मग अपराधी वाटायला लागतं, आणि ते वाटणं हळूहळू चांगल्या चाललेल्या कामावरही पसरतं. ‘मला एक साधी गोष्ट नियमित करता येत नाही, तर व्यवसाय काय करणार?’ असा प्रश्न घेऊन त्या येतात.

आज जिच्याबद्दल लिहिते आहे ती चोपडा तालुक्यातली, तिशीतली. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा तिने कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. घरची केळीची बाग होती, म्हणून पुढे केळीच्या खोडाचा धागा आला. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड कापला की ते खोड बांधावर फेकतात, नाहीतर शेतातच कुजवतात. ही बाई ते सोलून त्याच्या पट्ट्या काढते, यंत्रात घालते, गर खरवडून निघाला की हातात ओला धागा राहतो. तो धुवायचा आणि सावलीत दोरीवर वाळत घालायचा. खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी, त्यामुळे ढीगभर खोडांमागे धागा थोडकाच. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. तिच्या साडीच्या काठावर ते तपकिरी शिंतोडे मला पहिल्याच भेटीत दिसले होते. या धाग्याच्या टोपल्या, चटया ती आणि गावातल्या दोघी-तिघी विणतात. माल जळगावच्या प्रदर्शनांत जातो, कुरिअरने नाशिक-पुण्यालाही जातो. याच कामाबद्दल ती मराठीत ब्लॉग लिहायची. म्हणजे लिहायची, थांबायची, पुन्हा सुरू करायची.

तिने एक वही आणली होती. त्यात तिचे संकल्प होते: ‘गुढीपाडव्यापासून दर सोमवारी.’ खाली, ‘अखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) सोमवार आणि गुरुवार.’ त्याखाली, ‘१५ ऑगस्टपासून रोज.’ हे मी तिला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. प्रत्येक वेळी मोडलं की पुढचा संकल्प आधीपेक्षा कडक. चुकल्याचा दंडच म्हणायचा तो, आणि तोही ज्याला भरता येत नाही त्यालाच लावलेला. सोमवारचं एक लिखाण झेपलं नाही, तर रोजचं कसं झेपणार? पण असा हिशेब माणूस अपराधी वाटत असताना करत नाही.

आधी मी तिची झोप, भूक, घरातलं वातावरण, कामातला रस विचारून घेतला. झोप थोडी लांबली होती, रात्री फोनवर पुण्या-मुंबईच्या मोठ्या ब्रँडचे फोटो बघत बसायची. बाकी सगळं जागेवर होतं. हे विचारणं मी कधी टाळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन रमत नसेल, तर तो लिखाणाच्या सातत्याचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटायला हवं, किंवा निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला हवं. तिथे मराठीतही बोलता येतं.

मग मी तिला फोनमधले अर्धवट मसुदे उघडायला सांगितले. खूप होते. ती वाचत गेली आणि मी ऐकत गेले. सुरुवात दर वेळी सुरेख. खोड कापल्यावर येणारा वास, यंत्राचा आवाज, धागा धुताना गार पडलेले हात. पुढे पिशव्यांचा विषय आला की तिचा आवाज बदलायचा, वाक्यं जाहिरातीसारखी व्हायची, आणि मसुदा साधारण एकाच जागी संपायचा: ‘आमचं प्रत्येक उत्पादन शंभर टक्के पर्यावरणपूरक...’ पुढे काही नाही. दुसऱ्या मसुद्यात तेच, तिसऱ्यातही तेच.

आळशी माणसाचं लिखाण कुठेही थांबतं. हिचं नेमकं एकाच दाराशी थांबत होतं. म्हणून मी सातत्याचा विषय बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘हे वाक्य लिहिलं की काय आठवतं?’

तिला पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आठवत होता: ‘पिशवी छान आहे. पण पर्यावरणपूरक म्हणता, आणि पार्सलला प्लॅस्टिकची टेप?’ एवढाच निरोप. तिने त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने काही प्रसिद्धच केलं नव्हतं.

विवेकनिष्ठ मानसोपचारात घटना, तिच्याबद्दलची आपली धारणा आणि त्यातून येणारी भावना या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि कि. मो. फडके यांच्यामुळे ती महाराष्ट्रात रुजली. इथे घटना म्हणजे तो निरोप. धारणा तिने स्वतःच सांगितली: पर्यावरणाबद्दल बोलायचं तर आपलं सगळं पूर्ण निर्मळ असलंच पाहिजे, नाहीतर आपण ढोंगी. आणि मग आली ती लाज. लाज वाटली की माणूस लपतो. लिखाणात लपणं म्हणजे न लिहिणं.

मी विचारलं, ‘टेप प्लॅस्टिकची होती, हे खरं?’

‘खरं.’

‘पिशवी शिवणातून उरलेल्या सुती कापडाची होती, हे खरं?’

‘तेही खरं.’

‘मग पहिल्यामुळे दुसरं खोटं कसं झालं?’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘खोटं नाही झालं. पण लिहिताना मी पहिलं लपवते ना, मॅडम.’

हे तिने ओळखलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. समुपदेशनात माणसाचा अपराधभाव नुसता कुरवाळून घालवायचा नसतो. त्यात काही वेळा रास्त असं थोडं असतं, ते राखायचं असतं. तिचं मन तिला अर्धसत्य लिहू देत नव्हतं, आणि ते बरोबरच करत होतं. चूक होती ती धारणा, की आता शंभर टक्के झाल्याशिवाय तोंडच उघडायचं नाही.

शिवाय ते वाक्य तसंही लिहिण्यासारखं नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाबद्दलच्या फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ असे मोघम शब्द आधाराशिवाय वापरू नयेत, दावा नेमका कशाबद्दल आहे ते सांगावं, असा त्यांचा रोख आहे. हे सांगितल्यावर ती घाबरेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा मोकळा झाला. शंभर टक्के म्हणायची सक्ती कुणीच केलेली नाही, उलट ते म्हणू नका असं सांगितलंय, हे तिला पटलं.

तेव्हा पहिला गृहपाठ वेळापत्रकाचा नव्हता. तो एका वाक्याचा होता. पिशवीबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं, जे अजून जमलेलं नाही तेही लिहायचं. पुढच्या भेटीत तिने आणलं ते असं: ‘ही पिशवी शिवणातून उरलेल्या सुती कापडाची आहे. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा आहे, कारण आमच्या मशीनवर सुती दोरा तुटतो. चांगला सुती दोरा शोधते आहे.’ आणखी एका मसुद्यात तिने ‘भौगोलिक मानांकन असलेल्या जळगाव केळीचा धागा’ असं लिहून ठेवलं होतं. २०१६ साली मिळालेलं ते मानांकन फळाचं आहे, धाग्याचं नाही, हे तिच्याच लक्षात आलं आणि तिने ते खोडलं.

टेपचं काय करायचं, हे मात्र माझ्या खोलीत ठरलं नाही. ते तिच्या ओट्यावर ठरलं. सासूबाई पार्सल बांधायला मदत करतात. टेपबद्दल लिहावं की नाही, असं तिने त्यांनाच विचारलं. त्या अहिराणीत म्हणाल्या, ‘खरं शे ते सांगानं. त्यामा कसानी लाज?’ मी ज्यासाठी दोन भेटी घेतल्या ते त्यांनी एका दमात सांगितलं, याचा मला मनापासून आनंद झाला. आता उन्हाळ्या-हिवाळ्यात पार्सलला कागद, सुतळी आणि ओली करून चिकटवायची कागदी टेप असते. पावसाळ्यात मात्र प्लॅस्टिकचं आवरण लागतंच, नाहीतर टोपल्यांना बुरशी धरते. ते आवरण दुसऱ्यांच्या पार्सलमधून आलेलं, पुन्हा वापरलेलं असतं. हे सगळं तिने लिहिलं, आणि पुण्याच्या त्या बाईंनाही उशिरा का होईना, उत्तर पाठवलं.

यानंतर सातत्याकडे वळता आलं. ‘दर सोमवारी’ हा नियम तिच्या आयुष्यातल्या कशालाच जोडलेला नव्हता. सोमवारी कधी मजूर असायचे, कधी मुलाची परीक्षा, मे महिन्यात ऊन इतकं की दुपारी डोकं चालत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे, की नुसत्या ‘मी करीन’पेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. म्हणून आम्ही तिच्या कामातलाच एखादा क्षण शोधला. धागा दोरीवर वाळत घातला की शेळ्या-कोंबड्यांपासून राखायला कुणीतरी ओट्यावर बसावंच लागतं. तेव्हा ती फोनमध्ये बोलते, फोन ते मराठीत टाइप करतो, आणि संध्याकाळी ती ते नीट करते. पावसाळ्यात धागा वाळत नाही, म्हणून तेव्हाची खूण वेगळी: आठवड्याची पार्सलं बांधून झाली की.

सुट्ट्याही आधीच ठरवल्या. अखाजीला नणंदा माहेरी येतात, घर भरतं. श्रावणात कानबाईचा, आमच्या खानदेशातल्या देवीचा, उत्सव असतो. त्या दिवसांत लिहायचं नाही, आणि तसं वाचणाऱ्यांना सांगून टाकायचं. हे मी सगळ्यांनाच आग्रहाने सांगते. ठरवून घेतलेली सुट्टी आणि चुकलेला दिवस यांत बाहेरून काही फरक दिसत नाही, पण आत फार मोठा फरक असतो. सांगून थांबलेली बाई परत येते. न सांगता थांबलेलीला परत येताना आधी स्वतःशी झगडावं लागतं.

खरी परीक्षा मात्र मे महिन्याच्या अखेरीस झाली. वादळात त्यांची उभी बाग आडवी झाली. पंचनामे, पडलेले घड, घरात कुणी कुणाशी बोलेना. लिखाण अर्थातच थांबलं. काही दिवसांनी तिचा फोन आला आणि पुन्हा तेच वाक्य: ‘मॅडम, बघा, माझ्यात सातत्य नाहीच.’

तेव्हा मी तिला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास सांगितला. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी तो २०१०मध्ये प्रसिद्ध केला. रोज एक साधी गोष्ट करायची, जसं जेवणासोबत फळ खाणं, थोडं चालणं, आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघायचं. उत्तर साधारण ६६ दिवस आलं, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं, त्याच्याशी याचा मेळ बसत नाही. आणि तिच्या उपयोगाची गोष्ट ही, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. तिचा खंड एका दिवसापेक्षा मोठा होता, हे खरंच. पण नुकसान खंडाने कमी होतं आणि खंडानंतर स्वतःला लावलेल्या दंडाने जास्त, हे तिची वहीच सांगत होती. म्हणून या वेळी एकच गोष्ट ठरली: नवा संकल्प लिहायचा नाही. जुनाच नियम, पुढचा धागा वाळत घातला की.

तिने पाच-सहा ओळी लिहिल्या. बाग पडली, पडलेल्या काही खोडांचा धागा काढला, उरलेली शेतातच कुजवली, टोपल्या उशिरा मिळतील. कसलाही साज न चढवता.

तुमच्याही बाबतीत असं होत असेल, तर नवं वेळापत्रक आखण्याआधी जुने मसुदे एकदा सलग वाचा. ते कुठेही थांबले असतील तर बहुधा वेळेचा आणि दमणुकीचा प्रश्न आहे, आणि तो घरातलं काम वाटून घेतल्याशिवाय सुटत नाही. तिथे नवऱ्याला समोर बसवून बोलावं लागतं. पण ते एकाच जागी थांबत असतील, तर तिथे असं काय आहे जे लिहायला मन तयार नाही, ते आधी बघा. किती जणांनी वाचलं हा आकडा लिहिल्या दिवशी उघडू नका. ती सवय हिलाही होती, आणि ती अजून पूर्ण सुटलेली नाही.

ऑर्डरी एकदम वाढल्या असं झालं नाही. आता तिचा प्रश्न वेगळा आहे: एवढा वेळ खाणाऱ्या टोपलीचा दर किती लावायचा, आणि तो मागताना आवाज खाली का जातो. दराच्या हिशेबासाठी मी तिला जिल्हा उद्योग केंद्रात पाठवलं आहे. आवाजाचं आम्ही पुढच्या भेटीत बघणार आहोत.