आठ महिन्यांच्या बाळाला कारमध्ये मांडीवर घेऊन बसलं तर चालेल का? सासूबाई म्हणतात, कार सीटची गरज नाही

नाही चालणार. बाळ सीटमध्ये रडतं आणि पुणे-कोल्हापूर चार-पाच तासांचंच आहे, असं तुम्ही म्हणताय, तरीही नाही.

हा वाद मी आमच्या घरात घातलेला आहे, म्हणून जरा लांबण लावते. गावच्या जत्रेला निघालो होतो. गाडी माझी, चालवतही मीच होते. दोन वर्षांच्या पुतण्यासाठी मैत्रिणीकडून लहान मुलांची कार सीट मागून आणून मागे बसवून ठेवली होती. तरी मोठे दीर पुढे बसले, पोराला मांडीवर घेतलं आणि दोघांना मिळून एकच पट्टा लावला. त्यांच्या मते ही काळजी. मांडीवर घ्यायच्या सगळ्या तऱ्हांमध्ये हीच सगळ्यात वाईट! धडक झाली की मोठ्या माणसाचं वजन पोरावर येतं आणि ते पट्ट्यात चिरडतं. समोर एअरबॅग, ती वेगळीच. घरून निघतानाच सांगितलं होतं, "पुढे बघू" म्हणाले. खेड शिवापूरच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, हा मागे बसल्याशिवाय गाडी हलणार नाही. "आम्ही चौघं भावंडं स्कूटरवरच वाढलो" इथपासून "तुझी गाडी म्हणून एवढा तोरा का" इथपर्यंत सगळं झालं. माझ्या सासूबाई रडायला लागल्या. जाऊबाईंनी मात्र काही न बोलता पोराला उचललं आणि मागच्या सीटमध्ये बसवून पट्टे लावले. दीर उतरले आणि एसटीने आले.

अजूनही लग्नाकार्यात भेटले की विचारतात, "काय झालं असतं गं?" ताशी ५० किलोमीटर वेगाने धडकणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. आठ किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोहून जास्त जोराने हातातून ओढलं जातं. कुठल्याच आईचे हात तेवढे पुरत नाहीत. आणि मागे बसलं की झालं, असंही नाही. २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागेच बसले होते, पट्टा नव्हता. कायदाही आहे: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९४ ब, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर १००० रुपये दंड. पण दंडाच्या धाकाने कोणी सीट घेतलेली मी पाहिली नाही.

तुमच्या बाळासाठी सीट मागच्या बाजूला आणि तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. धडकेत पाठ आणि डोकं दोन्ही सीटवर टेकलेली हवीत. किमान सव्वा वर्षापर्यंत असंच, सीटच्या मापात बसत असेल तर पुढेही. रडतं त्याचं म्हणाल, तर एकाने मागे शेजारी बसा, दर तास-दीड तासाने थांबा, दूध गाडी थांबवूनच पाजा. आधी घराजवळच्या छोट्या फेऱ्यांनी सवय लावा. सासूबाईंशी तुम्ही वाद घालू नका, नवऱ्याला बोलू दे. आमच्याकडे माझे हे तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले होते आणि ते मला दिरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि हो, गाडी जुनी असेल, आयसोफिक्सचे हुक (बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे) नसतील, तर पट्ट्याने बसणारी सीट घ्या. नीट आवळली तर तीही चांगली. वापरलेली सीट फक्त ओळखीच्यांकडून, जिने अपघात पाहिलेला नाही अशीच.