नागपुरात राहून गेमवर आधारित विनोदी वेबकॉमिक मराठीत कसे सुरू करावे?

आपण विचारले आहे की लहानपणापासून गेम खेळण्याची आवड आहे, चित्रेही बरी काढता येतात, आणि आता नागपुरातूनच गेमवर आधारित विनोदी वेबकॉमिक (इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी चित्रकथा) मराठीत सुरू करायचे आहे, तर सुरुवात कोठून करावी आणि ज्याने तो गेम कधी खेळलेलाच नाही त्याला त्यातला विनोद कळेल का. मीही नागपूरकर आहे आणि गेली काही वर्षे अशा चित्रपट्ट्या काढते आहे. हा विषय मला मनापासून जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सुरुवात पात्रापासून करू नका, गाजलेल्या संवादापासून तर मुळीच करू नका. ती गेमच्या नियमापासून करा. खेळता खेळता काही नियम आपल्या इतके अंगवळणी पडतात की त्यांतला चमत्कारिकपणा दिसेनासा होतो. नायक कोणाच्याही घरात न विचारता शिरतो, मडकी फोडतो, आत सापडलेले पैसे खिशात घालतो, आणि घरमालक शेजारी उभा राहून त्याला गावची हकिकत सांगत असतो. गोळ्या लागलेला माणूस पट्टी गुंडाळून काही सेकंदांत पुन्हा धावू लागतो. ‘स्कायरिम’ या गेममध्ये पाठीवर ढिगाने तलवारी आणि चिलखते बाळगणारा योद्धा शेवटचे एक रानफूल उचलतो आणि वजनाची मर्यादा ओलांडल्यामुळे त्याला धावताच येईनासे होते. अशा नियमासमोर एखादा व्यवहारी, शहाणा माणूस उभा करावा आणि तो जसा वागेल तसे त्याला वागू द्यावे. विनोदासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही.

माझी एक चित्रपट्टी तपशिलात सांगते. ‘झेल्डा’ या गेम-मालिकेचे खेळाडू वर्षानुवर्षे मडकी फोडून पैसे गोळा करीत आले आहेत. आता हाच नायक नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या घरात, मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना शिरला तर काय होईल? पहिल्या चौकटीत तो दार ढकलून आत येतो. खिडकीत कूलर, भिंतीशी तिवईवर माठ. दुसऱ्या चौकटीत तलवारीचा एक वार, माठाची खापरे आणि खणखणत पडलेली नाणी. येथे गेममध्ये नसलेली एकच गोष्ट मी काढली, ती म्हणजे पाणी. गेममधल्या मडक्यातून पाणी सांडत नाही. माझ्या पट्टीत ते फरशीवरून वाहत नायकाच्या बुटांपर्यंत येते. तिसऱ्या चौकटीत एकही शब्द नाही. आजी रिकामा गिलास हातात धरून उभी आहे आणि नायक तिच्याकडे पाहतो आहे, इतकेच. चौथ्या चौकटीत आजी विचारते, “काहून रे पोरा, माठ कायले फोडला? आता उन्हाळाभर पाणी कायच्यात ठेवू मी?” पाचव्या चौकटीत नायक कुंभाराच्या दुकानात उभा आहे, आणि माठातून मिळालेली सगळी नाणी त्याने नव्या माठासाठी कुंभाराच्या हातावर ठेवली आहेत.

या पट्टीचा जीव तिसऱ्या चौकटीत आहे, असे माझे मत आहे. ती गाळून पाहिली तर आजीचे वाक्य घाईचे वाटते. ज्याने ‘झेल्डा’ खेळलेला नाही, त्यालाही उन्हाळ्यात माठ फुटणे म्हणजे काय ते कळते. ज्याने खेळलेला आहे, त्याला आपण आजवर किती मडकी फोडली ते आठवते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. गेम न खेळणाऱ्या वाचकासाठी विनोद सोपा करून सांगावा लागत नाही. नियम चित्रात डोळ्यांसमोर घडलेला दिसला आणि त्याचा परिणाम ओळखीच्या घरात झाला, की पुरते.

याच्या उलट, नुसता संदर्भ देणे म्हणजे विनोद नव्हे. ‘कॉन्ट्रा’ या गेममध्ये तीस जीव मिळवून देणारा कोनामी कोड, म्हणजे बटणे दाबण्याचा एक ठरावीक क्रम, जुन्या खेळाडूंना पाठ असतो, तो आधी १९८६ च्या ‘ग्रेडियस’मध्ये आला आणि ‘कॉन्ट्रा’मुळे घरोघरी पोचला. आपल्या पात्राने तो कोड नुसता म्हणून दाखवला, तर जुना खेळाडू मान डोलावेल, पण हसणार नाही. मात्र तीस जीव मिळालेला तो सैनिक एकोणतिसावा जीव हाती असतानाही बेफिकीरच असतो आणि शेवटच्या जिवावर येताच रस्त्याच्या डाव्या बाजूने, हेल्मेट घालून, सिग्नल पाळत चालू लागतो, असे दाखवले तर तेथे नियमाला माणसाचा स्वभाव भेटतो.

या प्रकाराचा इतिहास थोडा पाहून ठेवावा, कारण त्यातून आपल्याला कोणत्या वाटेने जायचे ते ठरवता येते. १९९८ मध्ये माइक क्राहुलिक आणि जेरी होल्किन्स यांनी ‘पेनी आर्केड’ हे वेबकॉमिक सुरू केले. त्याचा विषय मुख्यतः गेम खेळणारी माणसे, त्यांचे वाद, त्यांच्या अपेक्षा आणि गेमचा बाजार हा होता, आणि आठवड्यातून तीनदा येण्याच्या शिस्तीमुळे त्याभोवती वाचकांचा मोठा मेळा जमला; पुढे त्याच दोघांनी रुग्णालयांतील मुलांना खेळणी आणि गेम पोचवणारा ‘चाइल्ड्स प्ले’ हा उपक्रम २००३ मध्ये उभा केला. दुसरी वाट गेमच्या जगाच्या आतली. डेव्हिड अनेझ यांचे ‘बॉब अँड जॉर्ज’ २००० मध्ये सुरू झाले आणि त्यात ‘मेगा मॅन’ गेममधली तयार ठिपक्यांची चित्रे वापरली होती. ब्रायन क्लेविंजर यांचे ‘८-बिट थिएटर’ २००१ पासून २०१० पर्यंत चालले आणि ते १९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’वर उभे होते.

हे शेवटचे उदाहरण मला फार शिकवणारे वाटते. त्या गेममध्ये खेळाडू योद्धा, चोर, जादूगार अशा सहा प्रकारांतून चार नायक निवडतो, पण त्या नायकांना स्वतःचे नाव नाही आणि स्वभावही नाही. जग वाचवायला निघालेली ही चार माणसे आपसांत काय बोलत असतील, हे गेमने सांगितलेलेच नाही. क्लेविंजर यांनी नेमकी ती रिकामी जागा धरली आणि तेथे भांडखोर, स्वार्थी, भोळी अशी पात्रे बसवली. आपल्या आवडत्या गेममध्ये अशी रिकामी जागा कोठे आहे ते शोधा. दुकानदार रात्री दुकान बंद करून कोठे जातो, शेवटच्या दालनातला राक्षस खेळाडू येईपर्यंत दिवसभर काय करतो, पहारेकरी मेलेल्या सोबत्याला पाहूनही थोड्या वेळाने “वारा असेल” म्हणून पुन्हा फेऱ्या का मारू लागतो, हे प्रश्न प्रेमाने विचारलेले आहेत, आणि चाहता तेच विचारत असतो. केटी टीड्रिच यांचे २००६ मध्ये सुरू झालेले ‘ऑकवर्ड झोंबी’ हे वेबकॉमिक जरूर वाचा. गेमचे तर्कशास्त्र जसेच्या तसे पाळून ते हास्यापर्यंत कसे न्यावे, याचा तो उत्तम नमुना आहे.

मराठीत आपल्याला एक मोठी सोय आहे. आपला वाचक दिवाळी अंकांवर वाढलेला आहे, शि. द. फडणीसांची एकही अक्षर नसलेली हास्यचित्रे त्याने पाहिलेली आहेत, आणि चित्रातच विनोद शोधण्याची सवय त्याला आधीपासून आहे. तेव्हा प्रत्येक चौकटीत संवादाचा फुगा हवाच असे समजू नका.

नागपूरपणा कसा आणायचा, याबद्दल माझे थोडे कडक मत आहे. आरोग्याच्या बाटलीऐवजी संत्रे काढले आणि बलवर्धक अन्न म्हणून तर्री-पोहे दिले की पट्टी नागपूरची होत नाही. ती फक्त सजावट झाली. शहरातली चाल, बोलणे आणि रीत विनोदाच्या कामी आली पाहिजे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत चालू घडामोडींवर टीका करणारे बडगे नावाचे पुतळे असतात, आणि रोगराई, इडा-पीडा “घेऊन जा गे मारबत” असा पुकारा होतो. आता मोबाइलवर बीजीएमआय (पबजीची भारतीय आवृत्ती) खेळणाऱ्या पोरांची मिरवणूक काढा. बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवर ‘पिंग ९९९’ (म्हणजे इंटरनेट फारच मंद), आणि मागून आरोळी, “लॅग, हॅकर, कॅम्पर घेऊन जा गे मारबत!” लॅग म्हणजे गेम अडखळणे, हॅकर म्हणजे लबाडीने खेळणारा आणि कॅम्पर म्हणजे एका जागी दडून बसणारा. येथे पीडा घालवण्याची जुनी रीत आणि खेळाडूची खरी पीडा एकमेकांना चपखल बसतात, म्हणून ते चित्र दुसऱ्या शहरात हलवता येत नाही.

जुन्या आठवणींचाही असाच उपयोग आहे. टीव्हीवर खेळायच्या गेमच्या कॅसेटवर ‘९९९९ गेम’ असे छापलेले असायचे आणि आत तेच मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे; चालेना झाली की कॅसेट काढून फुंकर मारायची, हे तर घरातल्या गेम न खेळणाऱ्यांनीही पाहिलेले आहे. ताज्या घडामोडींवरच्या पट्ट्या मात्र बेताने काढाव्यात. २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही हटवला गेला आणि २०२३ मध्ये परतला. त्या त्या आठवड्यात गाजलेले विनोद आज समजावून सांगावे लागतात.

संवादांची भाषा पात्राप्रमाणे ठेवा. मित्र मित्राला “रिव्हाइव्ह दे ना बे, झोन येऊन राहिला” असे म्हणेल, म्हणजे मला पुन्हा उठव, खेळाची सुरक्षित जागा आकसत आली आहे. आजी नातवाच्या मित्राला ‘बे’ म्हणणार नाही, ती ‘रे’ म्हणेल किंवा ‘बापू’ म्हणेल. ‘लूट’, ‘रश’, ‘नूब’ हे शब्द पोरे बोलतात तसेच राहू द्या, त्यांना शुद्ध मराठी पर्याय शोधत बसू नका. वऱ्हाडी-नागपुरी बोली केवळ हसण्यासाठी खेडवळ पात्राच्या तोंडी घालण्याचा प्रकार मला अजिबात आवडत नाही. ज्याला परिस्थिती सर्वांत आधी कळली आहे, त्या शहाण्या पात्राला ती बोली द्या. आजीच्या पट्टीत मी तेच केले आहे.

चित्रकलेची भीती बाळगू नका. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओला मिशी आणि टोपी मिळाली, कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड आणि केस नीट दाखवता येत नव्हते. ओळख दोन-तीन खुणांवर टिकते. आपल्या पात्राच्याही अशा खुणा आधी ठरवा आणि त्या प्रत्येक चौकटीत सांभाळा. साधनांत ‘क्रिता’ हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला भरपूर पुरते.

अक्षरांकडे मात्र नवे चित्रकार दुर्लक्ष करतात, म्हणून येथे जरा थांबते. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरे मोठ्या लिपीत आणि ओळी दाट बसवतात; देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार असल्याने तेवढ्याच दाट ओळी एकमेकींत अडकतात. ओळींमधले अंतर वाढवा आणि फुगा आधी अक्षरांच्या मापाने काढा, मग चित्र. आवाज चढलेला दाखवायला अक्षर जाड किंवा मोठे करा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी निवडलेली नसेल, तर जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन लागते. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास होत नाही. ‘बालू’ आणि ‘कलम’ हे देवनागरी फाँट मोफत मिळतात, आणि ‘कलम’ हस्ताक्षरासारखा असल्याने फुग्यात छान दिसतो. तरीही हाताने लिहिलेले अक्षर मला सर्वांत जास्त आवडते, कारण ते चित्राच्या रेषेशी जुळते. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलचे पान घ्या आणि मोबाइल हातभर लांब धरून वाचता येते का ते पाहा.

कायद्याचा भाग थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षा यांसाठी उचित वापराची सवलत आहे, परंतु विडंबनाचे नाव घेऊन तेथे स्वतंत्र सवलत लिहिलेली नाही. म्हणून गेममधली चित्रे उचलून चिकटवण्यापेक्षा स्वतः काढलेली पात्रे वापरा. मडके फोडणारा नायक दाखवायला कोणत्याही कंपनीचे पात्र लागत नाही. बऱ्याच कंपन्यांनी चाहत्यांच्या कामाबद्दल आपापले नियम प्रसिद्ध केलेले असतात, ते वाचा. विशेषतः टी-शर्ट किंवा स्टिकर विकायचा विचार असेल तर आधी वाचा, कारण फुकट दाखवणे आणि विकणे यांत त्या नियमांच्या दृष्टीने फार अंतर असते.

पहिल्या पट्ट्या टाकण्यापूर्वी त्या दोन माणसांना दाखवा, एक तो गेम पुष्कळ खेळलेला आणि एक अजिबात न खेळलेला. आवडली का, असे विचारू नका. आपल्या माणसांना सगळेच आवडते. “शेवटच्या चौकटीत काय झाले ते सांगा” असे विचारा. न खेळलेल्याला घटना सांगता आली, आणि खेळलेल्याने एखादा तपशील चुकल्याचे सांगून भांडण काढले नाही, तर पट्टी तयार आहे.