इंग्रजी शिकवायचं ठरवतेस, तर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एम.ए. झालं, आता इंग्रजीच शिकवायचं असं तू फोनवर म्हणालीस, फार बरं वाटलं. बी.एड. करू, कॉलेजात शिकवण्यासाठीच्या सेट-नेट परीक्षांच्या मागे लागू की पैसे भरून परदेशी सर्टिफिकेट आणू, एवढंच तू विचारलंस. त्याचं उत्तर देते, पण आधी वर्गाबद्दल लिहिते.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही मराठी शाळेत जाऊन बस. एका बाकावर घरी तेलुगू बोलणारी मुलगी असते. आई विड्या वळते, वडील कापडाच्या मागावर कामाला असतात. शेजारच्याच्या घरी कन्नड, मागच्या बाकावर उर्दू. शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. सातव्या-आठव्या वर्षी तीन भाषांत भांडणारं हे पोर असतं आणि त्यालाच आपण ‘तुला भाषा जमत नाही’ म्हणतो! मला याचा मनापासून राग येतो. ही मुलं भाषा शिकण्यात तुझ्यामाझ्यापेक्षा तयार आहेत, हे धरूनच वर्गात पाऊल टाक.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. म्हणजे घरची भाषा कुठलीही असो, सगळा वर्ग एकाच ठिकाणी अडखळतो. सुरुवातीचे महिने तिथेच घाल. छोटी वाक्यं, रोजची, तोंडी, पुन्हा पुन्हा. ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये नाहीतच. ते सगळ्यात शेवटी अंगवळणी पडतात. त्यासाठी लाल पेनानं वह्या रंगवू नकोस. आणि वर्गात मराठी बोललं तर दंड, असला नियम कधी करू नकोस. सूचना कळली नाही तर मराठीत सांग, अर्ध्या मिनिटात काम होतं. वाचलेला वेळ मुलांना इंग्रजी बोलायला दे.

कारण खरी उणीव तिथे आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावी झालेल्या कितीतरी मुलांनी एकही प्रश्न स्वतःहून इंग्रजीत विचारलेला नसतो. व्याख्या पाठ, निबंध पाठ. बोलतात फक्त शिक्षक.

इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक प्रा. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांत प्रयोग केला होता. व्याकरणाचा धडा बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं अशी कामं दिली. लक्ष उत्तर शोधण्यावर, भाषा ओघानं येते. तू हे उद्यापासून करू शकतेस. दोन चिठ्ठ्या कर. एकीवर हुतात्मा आणि सिद्धेश्वर या रेल्वेगाड्यांच्या सुटण्याच्या वेळा, दुसरीवर त्या कुठे जातात आणि कुठल्या फलाटावरून. दोघांना समोरासमोर बसव, एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही, विचारून आपला तक्ता भरायचा. माझ्या वर्गात एक कधीच न बोलणारा मुलगा उठून म्हणाला, ‘ट्रेन व्हेअर गोइंग?’ समोरची म्हणाली, ‘पुणे.’ त्यानं तक्त्यात लिहिलं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. त्या क्षणी त्याला थांबवायचं नसतं. तास संपताना त्याचं नाव न घेता बरोबर वाक्य फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांकडून म्हणून घ्यायचं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. शाळेत जायचं तर बी.एड. दोन वर्षांचं, आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि शिवाय भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. भरती शासनाच्या ‘पवित्र’ या पोर्टलवरून, तिला वेळ लागतो, धीर हवा. कॉलेजसाठी एम.ए.ला 55 टक्के आणि सेट किंवा नेट. परदेशी सर्टिफिकेटांत केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स चांगला आहे, सुमारे 120 तासांचा, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किमान सहा तास शिकवावं लागतं. परदेशात किंवा प्रौढांना शिकवायचं असेल तर त्याचा उपयोग. पण आपल्याकडच्या शाळेच्या भरतीत तो बी.एड.ची जागा घेत नाही, म्हणून कर्ज काढून तो आत्ता करू नकोस. माझं स्पष्ट मत: बी.एड.ला प्रवेश घे आणि संध्याकाळी एखाद्या वस्तीत दहा-बारा मुलं जमवून शिकव. खासगी क्लासची नोकरी धरलीस तर नेमणुकीचं पत्र आणि पगाराची तारीख आधी लेखी घे, आणि ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असं पालकांना सांगायला लावणाऱ्याकडे जाऊ नकोस. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आईला खोटं सांगणं आपल्याच्यानं होता कामा नये.

पुढच्या रविवारी घरी ये. येताना सातवीच्या एका तासाचं टाचण लिहून आण, आणि त्यात तू किती मिनिटं बोलणार नि मुलं किती, ते समासात मांडून आण.

तुझ्या बाई