कुंडीतल्या फायकसचा बोन्साय करायचाय, सुरुवात कुठून करू?

म्हापशाच्या फ्लॅटच्या गॅलरीत चार फुटी फायकस आहे, तो उथळ ट्रेमध्ये लावला की बोन्साय होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल, पण ट्रे इतक्यात घेऊ नका. ट्रेमध्ये गेलं की खोड जाड व्हायचं जवळजवळ थांबतं, आणि झाड जुनं वाटतं ते खोडामुळेच. ते हवं तेवढं भरेपर्यंत झाड मोठ्या कुंडीतच राहू दे.

आधी फायकस कोणता ते बघा. पानं पातळ, टोकाला निमुळती आणि फांद्या झुकलेल्या असतील तर बेंजामिना. त्याच्या फांदीवर एकही पान न ठेवता छाटलं तर ती बऱ्याचदा वाळते, म्हणून दोन-चार पानं राखूनच कापा. जाडसर पानांचा मायक्रोकार्पा जास्त सोशीक. त्याला उघड्या लाकडावरही फुटवे येतात. दोघांचाही पांढरा चीक अंगाला खाजतो. हातमोजे घाला आणि कात्री लगेच पुसा.

पहिल्या वर्षी फक्त शेंडा कमी करा, मुळांना पुढच्या वर्षी हात लावा. दोन्ही एकदम करणारे असतात, पण नवख्यानं तो जुगार खेळू नये. मुळं छाटायला आपल्याकडे मे अखेर ते जूनची सुरुवात बरी: हवा दमट असते, झाड जोरात असतं. खाली गेलेली जाड मुळं कापा, बारीक तंतुमुळं राखा. एकूण एक तृतीयांशाहून जास्त नको.

खरी परीक्षा मातीची. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. नुसती जांभ्याची लाल माती घातली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट. विटांची भरड घ्या, चाळून तिची पूड टाकून द्या (कंटाळवाणं काम आहे, पण सगळं त्यावर आहे) आणि चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळा. किनाऱ्यावरची रेती फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यात मीठ असतं.

फांद्या वळवायला अॅल्युमिनियमची तार, जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश. पावसाळ्यात फायकस इतका वाढतो की काही आठवड्यांतच तार सालीत रुतते. दर आठवड्याला बघत राहा आणि काढताना उलगडू नका, तुकडे करून काढा.

मुळं छाटल्यावर दोन-तीन आठवडे सावलीत, पागोळ्यांपासून दूर ठेवा. महिनाभर खत नको. पानं गळली तर घाबरू नका, बेंजामिना तर नुसती जागा बदलली तरी गाळतो. नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, पाणी मात्र बेतानं.