घरी बांधलेल्या कॅम्पर ट्रेलरला पासिंग मिळेल का?

प्रश्न: जुन्या जीपचा ॲक्सल आणि पाटे वापरून मित्राच्या वर्कशॉपमध्ये सहा महिने खपून मी कॅम्पर ट्रेलर बांधला. आत दोघांची झोपायची सोय, मागे ओटा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शेतावर नेताना आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर वाहनं तपासणाऱ्या पथकाने) अडवलं आणि गाडी व ट्रेलर दोन्ही अटकावून ठेवले. ट्रेलरला इंजिनच नाही, मग नोंदणी कसली? फक्त शेतात वापरला तर चालेल का? शिवाय एक ओळखीचे पैसे देऊन तसाच बांधून मागताहेत.

उत्तर: आधी गाडी सोडवा. तिची आरसी, विमा, पीयूसी ठीक असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०७ खाली गाडीपुरता स्वतंत्र अर्ज द्या. दोन्ही एकाच अर्जात मागितलेत, तर ट्रेलरच्या कागदांपायी गाडीही अडकून राहील. ट्रेलरसाठी दुसरा अर्ज करा आणि त्यात लिहून द्या की तो टोचन करून नेणार नाही, ट्रकवर लादून नेईन. ट्रकवर चढला की तो माल असतो.

इंजिनाचा मुद्दा मात्र टिकणार नाही. कलम २(२८) मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे, आणि नोंदणीचं सगळं प्रकरण ट्रेलरलाही लागू असल्याचं कलम ६१ स्पष्ट सांगतं. विनानोंदणी वापराला पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. तो भरून मोकळे व्हाल, पण पावती म्हणजे पासिंग नव्हे.

शेताबद्दल बहुतेकांची समजूत तुमच्यासारखीच असते. कलम ३९ चे शब्द नीट वाचा: सार्वजनिक ठिकाणी 'किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' विनानोंदणी वाहन चालवता येत नाही. सूट आहे ती केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेल्या वाहनाला. हमरस्त्यावरून ओढत नेलेला ट्रेलर त्यात बसवणं कठीण आहे. शेतात तो कायमचा उभा करायचा असेल, तर चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवा.

मला खरी काळजी विम्याची वाटते. नोंदणी नाही म्हणजे ट्रेलरचा विमा नाही. घाटात हुक तुटून तो मागच्या दुचाकीवर गेला, तर विमा कंपनी हात वर करेल आणि अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई तुमच्या खिशातून जाईल. जीव गेला असेल तर ती लाखांत असते. तुमचं वेल्डिंग कितीही पक्कं असो, ते कुणी तपासल्याचा कागद तुमच्याजवळ नाही.

आहे तो ट्रेलर पास करून घेणं जवळपास अशक्य आहे, हे सांगताना वाईट वाटतं. आरटीओ नमुना २० च्या अर्जासोबत विक्रीचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, आणि उत्पादकाचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २२, मागतं. ही दोन्ही तुम्ही स्वतःला देऊ शकत नाही. एजंट 'करून देतो' म्हणेल. खोट्या कागदांवरची नोंदणी रद्द होते आणि फौजदारी गुन्हा वेगळा. त्यापेक्षा मान्यताप्राप्त उत्पादकाचा साधा मालवाहू ट्रेलर कागदांसह घ्या, तो नोंदवा, विमा काढा आणि तुमचा झोपायचा डबा त्यावर सामान म्हणून, सुटा होईल असा पट्ट्यांनी बांधा. एकूण वजन आरसीवरच्या आकड्याच्या आत ठेवा. डबा कायमचा जोडायचा असेल, तर कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी लागेल. वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. गाडीला हुक बसवतानाही चॅसिस कापू नका, गाडीच्या कंपनीने मान्य केलेलाच बसवा. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही, अगदी मुलांनाही, बसू देऊ नका.

राहिले ते ओळखीचे. स्वतःसाठी बांधणं वेगळं आणि पैसे घेऊन बांधणं वेगळं. पैसे घेतलेत की कायद्याच्या नजरेत तुम्ही उत्पादक ठरू शकता, आणि कलम १८२-अ खाली नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. त्यांना नाही म्हणा. आगाऊ रक्कम घेतली असेल तर या आठवड्यात बँकेतून परत करा आणि तसा मेसेज पाठवून ठेवा.