बडोद्याहून तीन दिवस कच्छला: मुलांना हाताने काय करता येईल?

नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांना डिसेंबरात कच्छला नेताना त्यांना स्वतःच्या हाताने काही करून पाहता येईल का, आणि त्यासाठी पांढऱ्या रणातला वेळ कमी करावा का, असे आपण विचारले आहे. कमी करावा. पहिला अर्धा दिवस भूजजवळच्या अजरखपूरला द्यावा; लाकडी ठशांनी कापड छापण्याची अजरख ही कला करणाऱ्या कारागिरांचे ते गाव आहे.

आमच्या आजोबांनी सयाजीरावांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवनात कापड रंगवण्याचे शिक्षण घेतले होते. हिरडा, तुरटी, नीळ हे शब्द आम्ही घरातच ऐकत वाढलो. तरीही पाच वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबे सयाजीनगरी एक्सप्रेसने भूजला गेलो, तेव्हा दादाने अजरखपूरला थांबण्यास साफ नकार दिला. ‘आपण रण पाहायला आलो आहोत, कापड छापायला नाही,’ असे म्हणून तो आपल्या मुलांसह पांढऱ्या रणाजवळच्या धोरडोला निघून गेला, आणि मी माझ्या मुलीबरोबर मागे राहिले.

कारागिरांनी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेले पिवळट कापड तिच्यापुढे अंथरले आणि लाकडी ठसा तिच्या हाती दिला. गंजके लोखंड, गूळ व बेसन आंबवून केलेले आणि चिंचोक्याच्या पिठाने घट्ट केलेले ते द्रावण कापडाला लागताच काळे पडू लागले, तेव्हा हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोह यांचे नाते तिला पुस्तक न उघडता कळले. चुना आणि डिंक यांनी छापलेला भाग रंग धरत नाही, आणि निळीच्या कुंडातून हिरवट निघालेले कापड हवा लागताच निळे होते, हेही तिने डोळ्यांनी पाहिले.

मग तिने विचारले की, हे गाव इथेच का वसले. अजरखचे कापड पुन्हा पुन्हा धुवावे लागते, त्यामुळे ही कला पाण्यावर उभी आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढले, रंग बिघडू लागले, म्हणून तिथल्या अजरख छापणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी इथे नवे गाव वसवले. लोखंडाने कापड काळे होताना नुकतेच पाहिलेल्या मुलीला धमडक्याचे रंग का बिघडले असतील, हे वेगळे सांगावे लागले नाही.

त्या मुक्कामाने मुलीचे रण हुकले, असे दादा अजूनही म्हणतो. मला ते मान्य नाही. वाळवंटी मुलखात माणूस पाण्यामागे कसा जातो, हे तिला मिठाच्या पांढऱ्या पटापेक्षा त्या धुण्याच्या हौदापाशी अधिक कळले, आणि रण आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलेच.

एवढे मात्र लक्षात ठेवावे की, अर्ध्या दिवसात मुलांना एक-दोनच टप्पे करता येतात. पूर्ण अजरखला कित्येक दिवस लागतात. कार्यशाळेला आधी फोन करावा, तिथल्या मेहनतीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, मुलांना जुने कपडे घालावेत. दुसऱ्या दिवशी वाट थोडी वाकडी करून निरोणा येथे रोगनचे काम, म्हणजे एरंडेल उकळून केलेल्या रंगाने कापडावर काढलेली नक्षी, पाहावे. ते फार नाजूक असल्याने तिथे मुलांनी बहुधा पाहायचेच असते. धोरडोच्या रणासाठी परवाना लागतो, तो वाटेवरच्या भिरंडियारा गावी मिळतो. ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि सूर्यास्तापूर्वी रणात पोहोचता येईल अशा बेताने निघावे.