वाचकांचे प्रश्न : विमान जागे होते तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा विमान-देखभालीच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या संस्थेत कापड मढवलेले एक जुने ‘पुष्पक’ विमान असून मुलांना त्याच्यावर काम करायला लावतात. आजच्या विमानांशी याचा संबंध काय, असे तो चिडून विचारतो. आपण या व्यवसायात चाळीस वर्षे काढली आहेत. आपल्याला भेटलेल्यांपैकी कोणती विमाने लक्षात राहिली, आणि का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : योगायोग असा, की माझ्या यादीत पहिले नाव ‘पुष्पक’चेच आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात घडलेले हे दोन आसनी विमान १९५८ साली प्रथम उडाले आणि पुढे देशभरातील फ्लाइंग क्लबांमध्ये वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्याच्यावर शिकल्या. मी जुहूच्या हँगरमध्ये उमेदवारी करत होतो, तेव्हा माझ्या वाट्याला आधी आले ते त्याचे कापड. कापडावर डोपचे, म्हणजे लाखेसारख्या एका द्रवाचे, हात द्यायचे. डोप वाळताना कापड आवळत जाते आणि ढोलकीच्या पुडीसारखे ताणले जाते. आमचे वरिष्ठ मेकॅनिक, ज्यांना सारे काका म्हणत, ते पंखावर टिचकी मारून नुसत्या नादावरून ताण बरोबर आहे की नाही ते सांगत. (डोपचा उग्र वास मात्र घरी जेवायला बसेपर्यंत बोटांना चिकटून राहत असे.)

पण ‘पुष्पक’ खऱ्या अर्थाने लक्षात राहिले ते सुरू करण्याच्या पद्धतीमुळे. त्याच्या ९० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनाला विजेचा स्टार्टर नव्हता, त्यामुळे एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने समोर उभे राहून प्रॉपेलर हाताने फिरवायचा. चाकांना चॉक, म्हणजे अडसराची पाचर, लावले आहेत ना, हे पाहून ‘स्विच ऑफ’ अशी हाक द्यायची, उत्तर आल्यावर इंजिनात इंधन ओढून घेण्यासाठी पाते चार-दोन वेळा फिरवायचे, मग ‘कॉन्टॅक्ट’ म्हणायचे, म्हणजे आतला माणूस स्विच चालू करतो, आणि पाते खाली ओढता ओढताच एक पाऊल मागे सरायचे. पात्याच्या कडेभोवती बोटे वळवायची नाहीत, हा काकांचा पहिला नियम होता. दुसरा नियम असा, की स्विच बंद असला तरी पाते जिवंत आहे असेच समजायचे. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो आणि स्विच बंद करणे म्हणजे ती वीज एका तारेने इंजिनाच्या धातूत उतरवून देणे. ती तार तुटली, तर स्विच ‘ऑफ’ दाखवत असतानाही इंजिन सुरू होऊ शकते. एकदा माझ्यासमोर तसे घडले. कोणाला इजा झाली नाही, परंतु त्या दिवसापासून मी कुठल्याही स्विचच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवलेला नाही.

त्यानंतरचे डकोटा. डीसी-३ हे त्याचे मूळ नाव, पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५चे. त्याच्या प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर वर्तुळाकार मांडलेले असतात. विमान काही काळ उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांमध्ये साचते, आणि तेल दाबले जात नसल्यामुळे तसेच इंजिन फिरवले तर दट्ट्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी हातांनी पाती फिरवून कुठे अडते का ते पाहायचे, आणि मगच स्टार्टर लावायचा. मग निळसर धुराचा लोट येई, एकेक सिलिंडर खोकत जागा होई आणि मिनिटभराने सगळ्यांचा सूर जुळे. १९७३पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बारामतीच्या परिसरात ढगांमध्ये मीठ फवारण्याचे जे प्रयोग केले, ते याच जातीच्या विमानातून. पावसासाठी ते असेल चांगले, पण ॲल्युमिनियम सांभाळणाऱ्या माणसाला मिठाचे नाव काढले तरी अंगावर काटा येतो.

कानपूरला ॲवरो जातीची ८९ प्रॉपेलरची वाहतूक विमाने बांधली गेली. त्यांची डार्ट इंजिने आठवतात ती मुख्यतः कर्कश शिटीमुळे, आणि उन्हाळ्यात उड्डाणाच्या वेळी कमी पडणारी ताकद भरून काढण्यासाठी त्यांना पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण पाजावे लागे, त्यामुळे. बोइंग ७३७-२०० वर मी अनेक वर्षे काम केले; ते भरवशाचे विमान होते, पण त्याच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही, आणि आमच्या धंद्यात ही प्रशंसाच आहे.

१९८९ साली इंडियन एअरलाइन्समध्ये एअरबस ए-३२० आले. कमकुवत धावपट्ट्यांवर भार विभागला जावा म्हणून त्या विमानांच्या मुख्य पायांना नेहमीच्या चारऐवजी आठ चाके होती, हे वैशिष्ट्य आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवत असू. इंजिन सुरू करायला मात्र एक स्विच पुरे. इंधन केव्हा सोडायचे, ठिणगी केव्हा द्यायची, हे संगणक ठरवतो आणि तापमान हाताबाहेर जाऊ लागले तर सुरुवात स्वतःच थांबवतो. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला किंचित उपऱ्यासारखे वाटले. पुढे त्याच संगणकाने पडद्यावर दाखवलेला एक दोष शोधताना दोन रात्री गेल्या, आणि शेवटी सापडली ती जोडणीतील एक सैल तार. त्या पहाटे मला काका आठवले.

आपल्या चिरंजिवांना संस्थेतल्या ‘पुष्पक’च्या मॅग्नेटोची ती तार शिक्षकांसमोर स्वतः तपासून पाहायला सांगा, आणि प्रॉपेलरजवळ जाताना घड्याळ, अंगठी काढून, बाह्या नीट दुमडून जायला सांगा.